गाडी घाटात का तापते? आणि सोलापूरच्या वालचंद शेठनी त्या घाटाशी दोनदा कसा सामना केला?

हल्ली कॅम्पर व्हॅनचं फॅड जोरात आहे. मागे गादी, गॅस, पाण्याची टाकी, कपडे, सगळा संसार भरायचा आणि निघायचं. सोलापूरहून कोकणात उतरताना मजा येते. खरी परीक्षा असते परतीच्या वाटेवर. तीच जड गाडी घाट चढायला लागते, पुढे कंटेनर रांगत असतो, वेग पंधरा-वीसवर येतो आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागतो.

आता या दिव्याचा आणि १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाचा काय संबंध?

संबंध आहे. चढ, वजन आणि उष्णता हे गणित त्या माणसाच्या आयुष्यात दोनदा आलं. पहिल्यांदा त्याने डोंगर फोडला. दुसऱ्यांदा थेट गाडीचा कारखानाच काढला. त्याचं नाव वालचंद हिराचंद दोशी.

आधी तो दिवा समजून घेऊ

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. बहुतेक मोठ्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल अशी रचना असते. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढवळतो आणि ते तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं.

सपाट रस्त्यावर वेगात असताना दोन्ही पंखे जवळपास सारखे फिरतात. हळू चढणीवर मात्र पहिला जोरात फिरतो आणि दुसरा मागे पडतो. मधली ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. त्यात वेग कमी, म्हणजे तेल थंड करणाऱ्या कूलरवर वाराही कमी. तेल जास्त तापलं की ते जळतं, त्याचा वास येतो, रंग काळपट होतो आणि गिअरबॉक्सचं आयुष्य घटतं.

उपाय साधे आहेत. चढ सुरू व्हायच्या आधीच गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. चढावर थांबायची वेळ आली तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून रांगण्यापेक्षा अंतर ठेवा. दिवा लागलाच तर सुरक्षित मोकळ्या जागी थांबा, गाडी पार्किंगमध्ये टाका, हँडब्रेक लावा आणि इंजिन काही वेळ चालू राहू द्या, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. वारंवार वजन घेऊन घाट चढायचे असतील तर तेलासाठी वेगळा जादा कूलर बसवता येतो.

थोडक्यात, चढावर दोनच मार्ग असतात. एक तर चढ सोपा करा, नाहीतर यंत्र तयारीचं करा. वालचंद यांनी दोन्ही केलं.

घाटाच्या वर वसलेलं सोलापूर

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं मूळचं गुजरातमधल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. सोलापुरात त्यांचा कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. जन्मानंतर थोड्याच काळात आई गेली.

तेव्हाचं सोलापूर गिरण्यांचं शहर होऊ लागलं होतं. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली होती. पण मुंबई आणि सोलापूर यांच्यामध्ये सह्याद्री उभा होता. गिरणीचं यंत्र असो की कापसाची गाठ, मुंबईच्या बंदराशी व्यवहार करायचा तर भोर घाट ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

१८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली खरी, पण चढ भयंकर होता. ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. कर्जतला गाडीला जादा इंजिनं जोडावी लागत. त्यातच खंडाळ्याजवळ एक उलटं स्थानक होतं. डोंगरात वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढायची.

कापूस सोडून रूळ

वालचंद १८९९ साली सोलापूरच्या सरकारी हायस्कूलमधून मॅट्रिक झाले आणि मुंबईला कॉलेजात गेले. पुढे घरच्या धंद्यात आले, पण त्यात त्यांचं मन रमलं नाही.

तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. रेल्वेत कारकुनी केलेला आणि कंत्राटदारीत उतरलेला माणूस. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल आणि धाडस. दोघांनी भागीदारी केली आणि सुरुवात जवळच्याच बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने झाली. अरुंद रुळांची ही छोटी गाडी. पण मातीचा भराव, उतार, पूल हे सगळं वालचंद तिथेच शिकले.

पुढे कामं वाढत गेली. टाटांच्या बांधकाम कंपनीशीही ते जोडले गेले. १९२० च्या दशकात भोर घाटातला रेल्वेमार्ग बदलून नवे बोगदे काढायचं ठरलं तेव्हा बोगद्यांचं ते अवघड काम वालचंद यांच्याकडे आलं. ते दशक संपता संपता उलटं स्थानक इतिहासजमा झालं.

ज्या घाटाने सोलापूरची वाट अडवली होती, तो सोपा करणाऱ्यांत सोलापूरचाच माणूस होता. हा पहिला सामना.

दुसरा सामना: गाडीच बनवू

दरम्यान १९१९ साली नरोत्तम मोरारजी वगैरे मंडळींसोबत त्यांनी सिंदिया स्टीम नेव्हिगेशन उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचं लॉयल्टी जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिवस साजरा करतो तो त्याचमुळे. नंतर रावळगाव आणि वालचंदनगरला साखर कारखाने उभे राहिले.

पण मोटार त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. रस्ते आपले, घाट आपले, गाड्या मात्र परदेशी. सर एम. विश्वेश्वरय्या यांनीही मोटार कारखान्याची योजना मांडली होती. १९३९ साली वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी सूत जुळलं नाही. क्रायस्लरशी जुळलं.

गंमत बघा, त्याच सुमारास क्रायस्लर अमेरिकेत फ्लुइड ड्राइव्ह नावाची सोय बाजारात आणत होती. इंजिन आणि क्लच यांच्यामध्ये तेल भरलेली जोडणी. आजच्या टॉर्क कन्व्हर्टरची ही थोरली बहीण. गाडी गचके न देता सुटायची, पण वेग कमी असताना इथेही घसरण व्हायची आणि तेल तापायचं. म्हणजे आपल्या डॅशबोर्डवरच्या त्या दिव्यामागचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

इकडे अडचण वेगळीच होती. महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश सरकारने भारतातल्या मोटार कारखान्याला हात द्यायचं टाळलं. परवानगी नाही, यंत्रसामग्री नाही.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. वालचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. विमानाची कंपनी १९४२ साली सरकारने ताब्यात घेतली. तीच आजची एचएएल.

शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावं जुन्या लोकांना आजही आठवत असतील.

सुरुवातीला त्यातले बहुतेक भाग परदेशातून यायचे आणि इथे जोडले जायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स इथे घडवायला वेळ लागणार होता. जोडणी म्हणजे निर्मिती नव्हे, ही टीका तेव्हाही झाली. पण जोडता जोडताच फिटर तयार झाले, सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले. बार्शीच्या छोट्या रेल्वेने वालचंद यांना जसं बोगद्यापर्यंत नेलं, तसंच हे होतं.

जे त्यांनी पाहिलं नाही

१९४९ साली वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्यानंतर कुर्ल्यातून फियाट ११०० घराघरात पोहोचली. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

ही पद्मिनी खंडाळ्यात तापायचीच. बोनेट उघडून, रेडिएटर थंड व्हायची वाट बघत कडेला बसलेली कुटुंबं हे जुन्या घाटातलं नेहमीचं दृश्य. तिला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नव्हता. तिथे क्लच जळायचा आणि पाणी उकळायचं. पण नियम तोच होता, की वजन, चढ आणि कमी वेग एकत्र आले की उष्णता बाहेर काढावीच लागते. फरक एवढाच की ती गाडी गल्लीतला मेकॅनिकही दुरुस्त करू शकायचा, कारण ती इथे बनत होती.

वालचंद यांचा सगळा आटापिटा याच एका गोष्टीसाठी होता. घाट आपला असेल तर तो चढणारं यंत्रही आपल्याला बनवता आलं पाहिजे.

आज सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आणि सांगलीच्या वालचंद कॉलेजात पोरं मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतात. टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल का तापतं, हे समजून घ्यायला त्यांना आता अमेरिकेला जावं लागत नाही.