विश्लेषण : फ्रेंच क्रांतीचा नेता बाथटबमध्ये बसून का लिहीत असे? झाँ पॉल मारा यांच्या त्वचारोगाचे सव्वादोनशे वर्षांचे कोडे

फ्रेंच राज्यक्रांतीतील जहाल नेते आणि पत्रकार झाँ पॉल मारा यांची १३ जुलै १७९३ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी हत्या झाली. त्या वेळी ते बाथटबमध्ये बसून काम करत होते. असह्य खाज आणि जखमांमुळे अखेरच्या काळात दिवसाचा बराचसा वेळ ते पाण्यातच काढत. स्वतः डॉक्टर असूनही त्यांना आपला आजार बरा करता आला नाही. तो आजार नेमका कोणता, यावर पुढे दोन शतके वाद झाला. अलीकडे रक्ताने माखलेल्या कागदांच्या डीएनए तपासणीतून काही उत्तरे मिळाली आहेत.

झाँ पॉल मारा कोण होते?

मारा यांचा जन्म २४ मे १७४३ रोजी आजच्या स्वित्झर्लंडमधील बूद्री या गावी झाला. वडील मूळचे सार्डिनिया बेटावरचे, तर आई जिनिव्हाच्या फ्रेंच प्रोटेस्टंट घराण्यातली. सोळाव्या वर्षी त्यांनी घर सोडले. पुढे लंडनमध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला, परमा आणि डोळ्यांचे विकार यांवर पुस्तिका लिहिल्या. १७७५ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली. १७७७ मध्ये ते सोळाव्या लुईच्या धाकट्या भावाच्या अंगरक्षक दलाचे डॉक्टर झाले.

उष्णता, प्रकाश आणि वीज यांवरही त्यांनी प्रयोग केले. मात्र, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांच्या सिद्धांतांना मान्यता दिली नाही. ही सल त्यांच्या मनात कायम राहिली. १७८९ मध्ये क्रांती सुरू होताच त्यांनी 'लामी द्यु पप्ल' म्हणजे 'लोकमित्र' हे वृत्तपत्र काढले. गरिबांची बाजू घेणाऱ्या या पत्रातून ते क्रांतीच्या शत्रूंची डोकी उडवण्याची भाषा करत. त्यामुळे ते काहींसाठी तारणहार, तर काहींसाठी रक्तपिपासू ठरले.

आजार कधी सुरू झाला?

अटक टाळण्यासाठी मारा यांना अनेकदा भूमिगत व्हावे लागले. या काळात ते तळघरांत आणि पॅरिसच्या गटारांत लपले आणि तिथेच त्यांना त्वचारोग जडला, ही कथा प्रसिद्ध आहे. पण आजाराची सुरुवात क्रांतीच्या आधी, १७८८ च्या सुमारास झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे गटारांमुळे त्रास वाढला असेल, पण तेच मूळ कारण होते असे म्हणता येत नाही.

जांघेच्या भागात सुरू झालेली खाज हळूहळू अंगभर पसरली. डोकेदुखीसाठी ते व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके कपाळाला बांधत. बुटाच्या आकाराच्या टबमध्ये बसायचे, वर आडवी फळी टाकायची आणि त्यावर लिहायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला होता. सहचारिणी सिमोन एव्हरार त्यांची शुश्रूषा करत.

हत्या कशी झाली?

१७९२ मध्ये मारा राष्ट्रीय सभेवर निवडून आले. एप्रिल १७९३ मध्ये जिरोंदँ गटाने त्यांच्यावर खटला भरला, पण ते निर्दोष सुटले. जूनच्या सुरुवातीला जिरोंदँ नेत्यांचीच सत्ता गेली. या गटाला मानणारी २४ वर्षांची शार्लोत कॉर्डे नॉर्मंडीतून पॅरिसला आली. कटवाल्यांची माहिती देते, असे सांगून तिने घरात प्रवेश मिळवला आणि मारा यांच्या छातीत सुरा खुपसला. चारच दिवसांत तिला गिलोटिनवर चढवण्यात आले.

मारा यांचे मित्र, चित्रकार झाक लुई दाविद यांनी त्यांचे जगप्रसिद्ध मृत्युचित्र काढले. हत्येच्या आदल्याच दिवशी दाविद त्यांना भेटले होते. पण चित्रातील मारा यांची त्वचा मात्र नितळ आहे. शत्रूंनी हा आजार म्हणजे मनातली घाण बाहेर आल्याचे लक्षण मानले होते. मित्राने तो चित्रातून पुसूनच टाकला.

त्या काळी निदान का झाले नाही?

त्वचारोगांची ओळख पटवण्याची शिस्तच तेव्हा घडलेली नव्हती. पुरळ, फोड, पापुद्रे अशा दिसणाऱ्या खुणांवरून त्वचारोगांचे वर्गीकरण करणारा इंग्लिश डॉक्टर रॉबर्ट विलन यांचा ग्रंथ १७९८ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागला. तोवर मारा यांच्या मृत्यूला पाच वर्षे झाली होती. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते, हे १६८७ मध्येच इटलीत मांडले गेले होते. तरीही बहुतेक डॉक्टर शरीरातील दूषित द्रवांनाच दोष देत. अखेर १८३४ मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात रेनुची या विद्यार्थ्याने सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला आणि वाद मिटला.

संशय कोणकोणत्या आजारांवर होता?

खरूज : रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती आणि जननेंद्रियांवर बारीक पुरळ ही खूण. घरातील इतरांनाही खाज सुटते.

इसब : त्वचा कोरडी, लाल होते, कधी पाणी सुटते. मोठ्यांमध्ये कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत जास्त. हा संसर्ग नसून दाह आहे.

डर्मेटायटिस हर्पेटिफॉर्मिस : कोपर, गुडघे, पाठ व नितंबांवर दोन्ही बाजूंना सारखे, अतिशय खाजणारे बारीक फोड. गव्हातील ग्लुटेनशी याचा संबंध असतो.

सेबोऱ्हिक डर्मेटायटिस : टाळू, भुवया, नाकाच्या कडा, कानामागे आणि छातीवर लालसर त्वचा व तेलकट, पिवळसर पापुद्रे. कोंडा हे याचेच सौम्य रूप.

याशिवाय सिफिलिस (गरमी), कुष्ठरोग आणि गंडमाळा यांचीही नावे घेतली गेली.

रक्ताच्या डागांनी काय सांगितले?

हत्येच्या वेळी मारा यांच्या हाताशी 'लोकमित्र'चे जुने अंक होते. त्यांवर रक्त उडाले. बहीण अल्बर्टीन हिने ते जपून ठेवले. आज ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. बार्सिलोनाचे जनुकशास्त्रज्ञ कार्लेस लालुएझा-फॉक्स आणि सहकाऱ्यांनी या डागांतील डीएनए तपासला. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सिफिलिस, कुष्ठरोग, गंडमाळा किंवा खरजेच्या जनुकीय खुणा सापडल्या नाहीत. सापडली ती 'मॅलासेझिया रेस्ट्रिक्टा' ही बुरशी आणि त्वचेवर आढळणारे काही जिवाणू. त्यावरून, बळावलेला बुरशीजन्य त्वचाविकार आणि त्यावर जिवाणूंचा संसर्ग, असा अंदाज संशोधकांनी मांडला. सेबोऱ्हिक डर्मेटायटिसची शक्यता त्यामुळे बळकट झाली.

मात्र, हे पक्के निदान नाही. मॅलासेझिया निरोगी माणसाच्या टाळूवरही असते आणि दोन शतकांत हे कागद अनेकांनी हाताळले आहेत. इसब किंवा हर्पेटिफॉर्मिससारखे दाहक विकार अशा तपासणीतून ओळखताही येत नाहीत, कारण त्यामागे जंतू नसतो.

आज यातून काय घ्यायचे?

खाज आणि लाली जवळपास प्रत्येक त्वचारोगात असते. त्यामुळे आजार शरीरावर कुठे आहे, कडा कशा आहेत, खाज कधी वाढते आणि घरात आणखी कोणाला आहे, हे चार प्रश्न महत्त्वाचे ठरतात. गोल चट्टा, उठावदार लाल कड आणि मध्ये तुलनेने साफ त्वचा दिसली तर तो बहुधा नायटा असतो. कोपर, गुडघ्यांवर जाड, चंदेरी खपल्या हे सोरायसिसचे लक्षण असू शकते. फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाची तपासणी तातडीने करावी. सरकारी आरोग्य केंद्रांत उपचार मोफत आहेत.

चुकीची ओळख महागात पडते. नायट्यावर स्टिरॉइडयुक्त मलम लावले की चार दिवस खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते आणि कडा पुसट झाल्याने डॉक्टरांनाही ती ओळखणे कठीण जाते. खरजेत एकट्यानेच औषध लावले आणि घरच्यांनी लावले नाही, तर ती परत येते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेले मलम स्वतःवर वापरू नये. ताप, पू, वेगाने पसरणारी लाली किंवा वेदना असतील तर थांबू नये.

मारा यांना खरोखर सेबोऱ्हिक डर्मेटायटिस असेल, तर तो आज बुरशीनाशक शाम्पू आणि मलमांनी बहुतांश आटोक्यात ठेवता आला असता. तो पुन्हा पुन्हा उद्भवतो, पण त्यासाठी दिवस टबमध्ये काढावे लागत नाहीत.