कल्याणस्वामी : क्षमा आणि दंड, एकाच लेखणीने

माघ वद्य नवमी ही श्रीसमर्थ रामदासस्वामींची पुण्यतिथी. दासनवमीस भाविकांचे चित्त सज्जनगडी धावते. परंड्याच्या आम्हा लोकांना त्याच वेळी सीनाकाठचे डोमगाव आठवते, कारण समर्थांचे पट्टशिष्य कल्याणस्वामी यांची समाधी तेथे आहे.

कल्याणांचे मूळ नाव अंबाजी. बालवयातच ते आई व बंधू दत्तात्रेय यांच्यासह समर्थांच्या आश्रयास आले. रामनवमीच्या मिरवणुकीस आड येणारी, विहिरीवर वाकलेली फांदी तोडण्याची एकदा आज्ञा झाली. फांदीबरोबर आपणही खाली जाणार हे दिसत असूनही अंबाजी तिच्या शेंड्याकडे बसून घाव घालीत राहिले आणि पाण्यात पडले. कल्याण आहे ना, असे समर्थांनी काठावरून विचारले. तेच नाव झाले, अशी कथा सांप्रदायिक सांगतात. देहाने ते बलदंड होते. सज्जनगडावर पाण्याचे प्रचंड हंडे त्यांनी वाहिले. मात्र त्यांची खरी कीर्ती लेखणीची आहे. शिवथरघळीत समर्थांनी सांगावे आणि कल्याणांनी लिहावे, अशा रीतीने दासबोधाचे २० दशक व २०० समास सिद्ध झाले.

या लेखणीने परस्परविरुद्ध भासणाऱ्या दोन आज्ञा लिहिल्या आहेत. बाराव्या दशकाच्या दहाव्या समासात समर्थ सांगतात की, स्वतःस चिमटा घेतला असता जीव कासावीस होतो, त्यावरून दुसऱ्याचे दुःख ओळखावे. मनाच्या श्लोकांत तर इतरांचे हीन बोलणेही सोसण्यास सांगितले आहे. पण एकोणिसाव्या दशकातील राजकारणनिरूपणात उद्धटासमोर तसाच उद्धट उभा करण्याचा उपदेश येतो. मग शत्रूला सोसावे की दंडावे?

हा पेच समर्थांपाशीच उत्पन्न झाला असे नव्हे. गीतेच्या अकराव्या अध्यायात तेहतिसाव्या श्लोकात भगवंत अर्जुनास उठून शत्रूंना जिंकण्यास सांगतात आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या, पंचावन्नाव्या श्लोकात सर्व भूतांविषयी वैररहित असणारा आपणास प्राप्त होतो असे म्हणतात. वनपर्वात द्रौपदी प्रल्हाद-बलीचा संवाद सांगते : सदैव क्षमा श्रेयस्कर नाही, सदैव उग्रताही नाही. त्यावर युधिष्ठिर क्षमेचीच थोरवी गातो. व्यासांनी दोघांचेही बोलणे ग्रंथात राहू दिले.

या पेचाची उकल समर्थांच्याच आचरणात सापडते. १६८० मध्ये शिवछत्रपती निवर्तल्यावर संभाजीराजांना धाडलेले म्हणून जे पत्र परंपरेने जपले आहे, त्यात स्वजनांचे मागील अपराध पोटात घालून सर्वांना एकत्र करावे आणि मग बाहेरच्या शत्रूकडे वळावे, असा उपदेश आहे. आपला अपमान झाला तर क्षमा. दुर्बळाची पीडा दिसली तर प्रतिकार. आणि प्रतिकार करतानाही मनात द्वेषाला थारा नाही. श्रीरामांनी रावणाचा वध केला. तो पडताच वैर संपले असे मानून त्याचे अंत्यसंस्कार विभीषणाकडून करविले.

समर्थांच्या आज्ञेने कल्याण डोमगावी आले, तेव्हा जवळच्या परंड्याच्या दुर्गावर मोगलांचा अंमल होता. १६०० मध्ये अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची राजधानी झालेला हा किल्ला. त्याच्या छायेत, मोगल-मराठ्यांच्या दीर्घ युद्धकाळात, त्यांनी मठ चालविला आणि रामोपासना सांभाळली. १६८२ मध्ये समर्थ सज्जनगडावर ब्रह्मलीन झाले, तेव्हा कल्याण दूर डोमगावीच होते. १७१४ मध्ये त्यांनीही देह ठेवला.

लेखनिकाने ग्रंथातील आवडती ओवी ठेवायची आणि नावडती गाळायची नसते. कल्याणांनी क्षमेचा समास व दंडाचा समास सारख्याच निष्ठेने लिहिला. आपण वाचक मात्र निवड करतो. बांधाच्या वादात सख्ख्या भावाला कोर्टात खेचताना आपल्याला उद्धटाची ओवी आठवते आणि गावात एखाद्या निराधार विधवेची जमीन बळकावली जात असता सोसण्याचा श्लोक आठवतो. दोन्ही वचने सत्य असूनही त्यांची स्थाने आपण उलटी केलेली असतात. स्वतःच्या दुखावलेल्या अहंकाराला धर्माचे नाव देणे फार सोपे असते.

आज दासबोधाचे पारायण करताना प्रत्येक घराने हे दोन्ही समास एकापाठोपाठ एक वाचावेत, आणि हा घाव मला बसला आहे की दुर्बळाला, एवढे आपल्या मनास विचारावे.

॥ जय जय रघुवीर समर्थ ॥