श्रीसंत तुकोबाराय आणि देहूचे देऊळ

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की पैका आला, गवंडी आला, सुतार आला. जगद्गुरू तुकाराम महाराजांनी देहूचे देऊळ दुरुस्त करावयास घेतले, तेव्हा त्यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते.

महाराजांचा जन्म इ. स. १६०८ चा, असे सर्वसाधारणपणे मानतात. घराणे कुणब्याचे, धंदा वाण्याचा, गावची महाजनकी घरात आणि पंढरीची वारी पिढीजात. पूर्वज विश्वंभरबुवांनी देहूस विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली होती. आईवडील निवर्तले, थोरले बंधू सावजी तीर्थाटनास निघून गेले आणि ऐन तरुणपणी प्रपंचाचा भार तुकोबांवर पडला. त्यातच १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. चारचौघांत तोंड दाखविण्याची लाज वाटावी, अशी ती अवस्था.

घरात सावकारीची खते मात्र शिल्लक होती. ती वसूल केली असती तर देवळाला गवंडी लावता आला असता. पण देणेकरी तेच दुष्काळाने नागवलेले गावकरी! तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना देऊन आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली.

देऊळ तर मोडकळीस आलेले. ते नीट करावे असे मनात आले, हे महाराजांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रपर अभंगात नमूद केले आहे. पुढे अठराव्या शतकात संतचरित्रकार महिपतीबुवांनी हा प्रसंग रंगवून सांगितला. महाराजांनी स्वतः माती खणली, चिखल केला, भिंती रचल्या. मातीकाम ज्यांनी केले आहे त्यांना हे कष्ट सांगावयास नकोत. चिखल पायांनी तुडवून मळावा लागतो, आणि खालचा थर वाळल्यावाचून वरचा चढवता येत नाही. घाई केली की भिंत फुगते, बसते. कालपर्यंत हाती तराजू धरणाऱ्या वाण्याने हे काम अंगावर घेतले.

त्या वेळी ते कवी म्हणून कोणास ठाऊक नव्हते. देवळाच्या कामानंतर एकादशीस कीर्तन सुरू झाले. आरंभी अभ्यास नव्हता, म्हणून पूर्वीच्या संतांची वचने आदराने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. स्वतःचे अभंग त्यानंतरचे.