बॅबेजसाहेबांचा प्रिंटर

सबमिशनच्या आदल्या दिवशी जर्नल अपुरं असण्याचं दुःख ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल! मागच्या सेमिस्टरला माझी तीच गत झाली. न्यूमेरिकल मेथड्सचा प्रोग्रॅम होता, न्यूटनचं फॉरवर्ड डिफरन्स टेबल. लॅबच्या कोपऱ्यात डॉसवर चालणारं जुनं मशीन, त्यावर टर्बो सी, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. स्क्रीनवर उत्तर अगदी बरोबर. पण प्रिंट दिला तर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे उतरत गेल्या आणि आकडे कागदाबाहेर! शेवटचं पान तर प्रिंटरने पोटातच ठेवलं.

लॅब बंद व्हायला दहा मिनिटं होती. म्हटलं जाऊ दे, उत्तर तर बरोबर आहे ना? स्क्रीनवरचे आकडे घाईघाईने टिपले आणि रात्री होस्टेलवर जर्नलमध्ये उतरवले. दुसऱ्या दिवशी सरांनी बरोबर तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. ७४ चे ४७ झाले होते. प्रोग्रॅम बरोबर, जर्नल चूक! सर रागावले नाहीत. चार्ल्स बॅबेज वाचून ये, एवढंच म्हणाले.

बॅबेज म्हणजे माझ्या लेखी एका मार्काचं उत्तर, कॉम्प्युटरचे जनक. लायब्ररीत बसलो तेव्हा कळलं, की हा माणूस माझ्याच दुखण्यावर आयुष्यभर औषध शोधत होता.

बॅबेज यांचा जन्म लंडनचा, २६ डिसेंबर १७९१. वडील बँकर, पैशाला कमी नव्हती. १८१० मध्ये ते केंब्रिजला गेले. तिथलं गणित त्यांना जुनाट वाटलं, म्हणून जॉन हर्शेल, जॉर्ज पीकॉक वगैरे मित्रांना घेऊन १८१२ मध्ये त्यांनी अ‍ॅनालिटिकल सोसायटी काढली. आपल्याकडे मेसच्या भाजीवरून संघटना निघते, यांनी कॅल्क्युलसच्या चिन्हांवरून काढली!

१८२१ मध्ये बॅबेज आणि हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत होते. चुकांवर चुका सापडत गेल्या. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे हिशेब करणारा माणूस. एकाने गणित करायचं, दुसऱ्याने नक्कल उतरवायची, छापखान्यात कंपोझिटरने खिळे जुळवायचे. प्रत्येक हातात चूक शिरायला जागा. आणि असल्याच कोष्टकांच्या भरवशावर समुद्रात जहाजं हाकली जायची.

बॅबेज यांचं वेगळेपण इथे आहे. गणित मशीनने केलं तरी भागणार नाही, छपाईसुद्धा त्याच मशीनने केली पाहिजे, मध्ये माणसाचा हात नको, हे त्यांनी ओळखलं. गणिताची युक्ती सोपी होती. १, ४, ९, १६ हे वर्ग घ्या. त्यांचे फरक ३, ५, ७. फरकांचा फरक कायम २. म्हणजे गुणाकार नकोतच, नुसत्या बेरजा पुरे! माझ्या जर्नलमधलंच टेबल की हे!

१८२२ मध्ये छोटं मॉडेल झालं. १८२३ मध्ये सरकारने सुरुवातीला १५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमेंट या कसबी कारागिराने पार्ट घडवायला घेतले. मध्येच १८२७ हे वर्ष काळ बनून आलं. वडील, मुलगा चार्ल्स आणि पत्नी जॉर्जियाना, सगळे त्याच वर्षी गेले. तरी काम थांबलं नाही. १८३२ मध्ये डिफरन्स इंजिनाचा एक तुकडा जुळला आणि उत्तम चालला. पण त्यात प्रिंटर नव्हता.

पुढे क्लेमेंटशी पैशांवरून आणि वर्कशॉप हलवण्यावरून बिनसलं. १८३३ मध्ये काम बंद पडलं. १८३४ पासून बॅबेज पंचकार्डांवर चालणाऱ्या अ‍ॅनालिटिकल इंजिनाच्या मागे लागले. १७ हजार पौंडांहून जास्त खर्च करून सरकारने १८४२ मध्ये हात झटकले. सगळा दोष सरकारचाच, असं मला वाटत नाही. एक पुरं व्हायच्या आत दुसरं सुचणारा माणूस... फायनल इयरला ऐन मार्चमध्ये प्रोजेक्टचा टॉपिक बदलणारा मित्र आठवतोय ना?

१८४७ ते १८४९ या काळात त्यांनी डिफरन्स इंजिन नंबर दोनचे आराखडे काढले. त्यातला प्रिंटर पाहून मी थक्क झालो. कागदावर शाईने छापायचं, शिवाय मऊ प्लास्टरमध्ये आकड्यांचे ठसे उमटवायचे. त्या ठशांवरून धातूची प्लेट ओतली की कंपोझिटरची गरजच नाही! कॉलम किती, समास किती, ओळींत अंतर किती, सगळं बदलण्याची सोय. पण बांधायला पैसे कोण देणार? १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज वारले, तेव्हा त्यांचं एकही मोठं इंजिन पूर्ण झालेलं नव्हतं.

लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच आराखड्यांवरून १९९१ मध्ये गणिताचा भाग बांधला. तो चालला! प्रिंटर जोडून मशीन पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. वजन सुमारे पाच टन, पार्ट सुमारे ८०००, आणि त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या छपाईसाठी. म्हणजे ‘आउटपुट काय, नंतर बघू’ हा माझा विचार बॅबेजसाहेबांच्या हिशेबात अर्धं काम सोडून देण्यासारखा होता.

मी परत लॅबमध्ये गेलो. ओळ संपली की माझा प्रोग्रॅम नुसता लाइन फीड पाठवत होता. हेड एक ओळ खाली यायचं, पण डावीकडे परतायचं नाही. म्हणून जिना! प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न जोडला. सर्वांत शेवटी फॉर्म फीड पाठवला, तसं अडकलेलं पानही बाहेर आलं. दोन दुरुस्त्या, पाच मिनिटं.

जर्नलचं ते चुकलेलं पान मी फाडलं नाही, शेजारी खरा प्रिंट चिकटवला. आणि आता शेवटचं पान हातात येऊन आकडे ताडून पाहिल्याशिवाय लॅबमधून उठत नाही. तुम्हीही करून बघा!