तुकोबारायांची जिजाई



दिंडीच्या शंभरीच्या या अंकात संतांची चरित्रं पुष्कळ येतील. आम्ही म्हटलं, आपण जिजाईचं लिहावं. तुकोबारायांचं कुटुंब. लोक तिला आवली म्हणतात. आवली म्हटलं की मंडपात हसू फुटतं, कारण कीर्तनात ती भांडखोर म्हणूनच ऐकलेली असते.

ही माउली पुण्याच्या गुळव्यांची लेक. माहेर सावकाराचं. देहूला दिली तवा तुकोबांच्या घरीही दुकान, शेती, महाजनकी होती. थोरली रखमाई दम्यानं आजारी, म्हणून ही दुसरी केली. पुढं आईबाप गेले. 1630 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. त्यात रखमाई अन्नावाचून गेली, तिचं लेकरू गेलं, दुकानाचं दिवाळं निघालं. तुकोबांना वैराग्य आलं. भावाच्या वाट्याची खतं त्याला दिली आणि आपली इंद्रायणीत बुडवली. सावकारी सुटली, पण घरातली चूल पेटवायची राहिली ती जिजाईकडं. काशी, भागीरथी, गंगा या लेकी, महादेव, विठोबा ही मुलं, एवढी तोंडं होती.

तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात असायचे. ही पोरांचं आवरून भाकरी घेऊन डोंगर चढायची. धनी जेवल्याबिगर ती जेवत नव्हती, असं सांगतात. उन्हातान्हात रानात भाकरी नेणारी बाई ज्यानं पाहिली त्याला ती चढण कळंल. एकदा तिच्या पायात काटा मोडला. ज्या विठोबाला ती उठता-बसता बोल लावायची, त्यानंच येऊन तो काढला, अशी कथा आहे. देवानं तिचा राग धरला नाही.

मग ती कजाग कशी ठरली? महिपतीबोवांचा भक्तिविजय 1762 सालचा, म्हंजे तुकोबांच्या मागं शंभरावर वर्षांचा. अशा कथांतून तिचा राग पुढं आला, आणि सांगणाऱ्यांनी तो आणखी वाढवला. संत शांत दाखवायचा तर समोर तापट माणूस लागतो. उसाची मोळी वाटून एकच ऊस घरी आला आणि तिनं तो तुकोबांच्या पाठीत मारला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. बाईनं धन्यापुढं बोलू नये ही जुनी रीत. बोलली की कजाग. पण ती बोलायची कशासाठी? घरात दाणा नाही म्हणून. ते कोणी पुसत नाही.

1936 साली प्रभात कंपनीनं संत तुकाराम सिनेमा काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, गौरीबाई जिजाई. ती जिजाई चिडते, तशी लेकरांसाठी राबतेही. खेड्यातल्या बायांना ती आपल्यातलीच वाटली.

बीजेला तुकोबा वैकुंठाला गेले तवा जिजाई गरोदर होती. पोटातलं लेकरू म्हंजे नारायणबाबा. बाप न पाहिलेलं पोर तिनं वाढवलं. त्याच नारायणबाबांनी 1685 साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसं चालतात ती त्या वाटेनं.

म्हणून आमची कीर्तनकार मंडळींना विनंती, उसाची गोष्ट सांगायची तर सांगा, पण त्याच बैठकीत काट्याचीही सांगा. मंडपात पुढं बसलेल्या, डोईवर तुळस घेऊन वीस दिवस चालणाऱ्या आयाबहिणी दोन्ही ऐकतात.

रामकृष्ण हरी.