पक्ष्यांचे वाचक : डॉ. सलीम अली



पाचवी-सहावीत पक्ष्यांचे अनुकूलन शिकवताना आपण चोचींची चित्रं फळ्यावर काढतो. त्याच तासाला मुलांना एका माणसाची गोष्ट जरूर सांगा.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भावंडांना खेतवाडीत वाढवलं. छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणं हा या मुलाचा आवडता उद्योग. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडलं. साहेबांनी पोराला रागावून हाकललं नाही, बरं का! नाव सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. तिथून सगळं बदललं.

पण शाळा-कॉलेजात हा मुलगा हुशार म्हणून कधीच गाजला नाही. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गणिताने दम काढला आणि शिक्षण सोडून तो ब्रह्मदेशात घरच्या धंद्याला गेला. धंद्यापेक्षा रानातच जास्त रमला. परत आल्यावर सेंट झेवियर्समध्ये फादर ब्लॅटर यांनी त्याचा कल ओळखून प्राणिशास्त्राकडे वळवलं. तरी विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून पक्षीतज्ज्ञाची सरकारी नोकरी हुकली. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात गाईडचं काम मिळालं. मग बर्लिनला जाऊन प्रा. श्ट्रेझेमान यांच्याकडे ते पक्षीशास्त्र शिकले. 1930 मध्ये परतले, तर गाईडची जागाच रद्द झालेली!

हातात काम नाही, पैसा बेताचा. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. जवळच सुगरणींची वसाहत होती. ते रोज तासन् तास ती घरटी पाहत बसले. त्यातून काय कळलं, बघा. घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर ती मुक्काम करते. नर खाली उतरणारी नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! सुगरणीचा हा संसार त्यांनी बारकाईने जगापुढे मांडला, तोही बेकारीच्या दिवसांत.

आता धड्याशी जोड द्या. दाणे फोडणारी जाड, निमुळती चोचच सुगरणीची सुई होते. पाय पाती धरून ठेवतात. खालून तोंड असलेली नळी आणि झुलती फांदी यामुळे सापाला आत शिरणं अवघड जातं. शरीररचना आणि वागणूक दोन्ही मिळून जगणं सोपं करतात. अनुकूलन म्हणजे हेच.

1939 मध्ये तहमिना गेल्या. दुःख पोटात ठेवून ते देशभर पक्षी नोंदवत फिरले. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं; पुढे डिलन रिप्ले यांच्यासोबत दहा खंडांचा ग्रंथ झाला. 1958 मध्ये पद्मभूषण, 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं. भरतपूरची पाणथळ जागा वाचवण्यासाठी त्यांनी आपलं वजन खर्ची घातलं. 20 जून 1987 रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. घोरावाडी, तळेगाव परिसरातल्या शिक्षकांनी त्या आठवड्यात मुलांना शेताकडे न्यावं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर सुगरणीची घरटी दिसली तर लांबूनच बघू द्या. तोवर बहुतेक रिकामी असतात. खाली पडलेलं असेल तेवढंच वर्गात आणा. अर्धवट सोडलेलं कोणतं, पूर्ण कोणतं, हे मुलांनाच ओळखू द्या.

आणि एखादं पोर गणितात मागे पण झाडाकडे टक लावून बघणारं असेल, तर त्याला खिडकीतून हटवण्याआधी एवढं विचारा : काय दिसलं रे तुला?