धूळ खाणाऱ्या लॉगबुकांतून निघालेला समुद्राचा नकाशा

ट्रॅफिकमध्ये अडकून गूगल मॅप्स उघडलं की मला मॅथ्यू मॉरी आठवतो. अमेरिकन नौदलातला अधिकारी, जन्म १८०६. १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पाय अधू झाला आणि जहाजावरची ड्यूटी संपली. १८४२ मध्ये त्याला नौदलाच्या नकाशे-उपकरणांच्या भांडारात बसवलं. तिथे जुनी लॉगबुकं धूळ खात पडली होती. (आमच्या लॉग फाइल्सही अशाच पडून असतात!) त्याने त्यांतून वाऱ्यांच्या आणि प्रवाहांच्या नोंदी वेचून नकाशे बनवले. पुढची आयडिया तर भारीच: जो कप्तान आपल्या नोंदी छापील फॉर्मवर भरून देईल, त्याला नकाशे फुकट. आपण लोकेशन देतो आणि ट्रॅफिक बघतो, तसंच.

१८६१ मध्ये मात्र तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये वारला. त्याचं नाव असलेलं नौदलाचं समुद्र-सर्वेक्षण जहाज २०२३ पासून ‘मेरी थार्प’ झालंय. मला हा बदल पटला. थार्पने समुद्रतळाचा नकाशा काढला, पण बाई म्हणून तिला कित्येक वर्षं संशोधन जहाजावर जाऊ दिलं नव्हतं. तिनेही इतरांनी आणलेल्या नोंदींवरूनच काम केलं.